सात मिनिटांची शर्यत, सात महिन्यांचा संथपणा

रिओ ऑलिम्पिकमध्ये 2016 साली चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकेरी नौकानयनात तेरावा आला. आपल्याकडे अनेकांनी ही शर्यत तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. दोन हजार मीटर सरळ पाणी, साधारण सात मिनिटं, की खेळ खलास. त्या सात मिनिटांत माणसाचं काय होतं ते टीव्हीच्या पडद्यावरही कळतं. रेषा ओलांडली की कुणी वल्ह्यांवर ओणवं पडतं, कुणी मागे कोसळतं, एखाद्याला ओकारी होते. साहजिकच वाटतं, की याची तयारी म्हणजे रोज पहाटे उठून जीव तोडून वल्हवणं.

हिवाळ्यात एखाद्या रोइंग क्लबच्या काठावर उभं राहा, वेगळंच दिसेल. सतरा-अठरा मीटर लांबीची सडपातळ बोट, तिच्यात आठ तगडी माणसं, आणि मिनिटाला जेमतेम अठरा स्ट्रोक. स्ट्रोक म्हणजे वल्हं पाण्यात घालणं, ओढणं, बाहेर काढणं आणि पुन्हा घालण्यासाठी परत नेणं, एवढं एक आवर्तन. काठाने सायकलवरून जाणारा प्रशिक्षक धाप न लागता सूचना देत सोबत राहतो. उन्हाळ्यात याच आठ जणांना मिनिटाला छत्तीस-अडतीस स्ट्रोकनी शर्यत मारायची आहे. मग सप्टेंबरपासून मार्चपर्यंतचा बहुतेक सराव निम्म्या लयीत का?

पटनीचं वर्ष

उदाहरणाला लंडनचा पटनी भाग घेऊ. टेम्सच्या दक्षिण काठावर इथे क्लबांची बोटघरं ओळीने उभी आहेत. लंडन रोइंग क्लब 1856 चा, टेम्स रोइंग क्लब 1860 चा. अशा क्लबात एकच संघ नसतो. यंदाच वल्हं हातात धरलेले नवखे, शाळकरी मुलं, पुरुषांचा आणि महिलांचा मुख्य गट, शिवाय नोकरी-संसार सांभाळून येणारी प्रौढ मंडळी, असे वेगवेगळे गट एकाच बोटघरातून निघतात. बोटी ठरावीक असल्यामुळे कुणी कधी पाण्यात उतरायचं यावरून कुरबुरी चालतात, त्या कुठल्याही क्लबाला चुकलेल्या नाहीत.

पटनीला मात्र शेवटचा शब्द पाण्याचा. इथली टेम्स समुद्राच्या भरती-ओहोटीने चढते-उतरते, त्यामुळे सरावाची वेळ पंचांगासारख्या छापील तक्त्यात पाहावी लागते. मोठ्या उधाणाला पाणी थेट काठच्या रस्त्यावर येतं. माहीत नसलेला कुणी तिथे गाडी लावून जातो आणि परत येतो तेव्हा चाकं पाण्यात असतात.

हिवाळ्यातल्या शर्यती उन्हाळ्याहून वेगळ्या असतात. त्यांना हेड रेस म्हणतात. बोटी शेजारी-शेजारी न धावता थोड्या थोड्या अंतराने एकामागून एक सुटतात आणि घड्याळावर निकाल लागतो. त्यांतली सर्वांत नावाजलेली ‘हेड ऑफ द रिव्हर रेस’ स्टीव्ह फेअरबेर्न या प्रशिक्षकाने 1926 साली सुरू केली. मॉर्टलेकहून पटनीपर्यंत, ओहोटीच्या प्रवाहाबरोबर, सुमारे 6.8 किलोमीटर. चांगल्या आठ जणांच्या बोटीला अठराएक मिनिटं लागतात. फेअरबेर्नचा हेतू सरळ होता. थंडीत मैलोगणती वल्हवणाऱ्या पोरांपुढे काहीतरी लक्ष्य हवं. शर्यत सरावासाठी होती, सराव शर्यतीसाठी नव्हे. आज तिचा मान एवढा वाढलाय की हे उलटं नातं अनेकांच्या लक्षातही येत नाही.

चौकट : लंडनच्या क्लबाचा मोसम
सप्टेंबर-ऑक्टोबर : गट ठरतात, नवख्यांची भरती, तंत्राची उजळणी.
नोव्हेंबर-फेब्रुवारी : लांब, संथ सराव, व्यायामशाळा आणि वल्हवण्याचं यंत्र, लहान हेड रेस.
मार्च : महिला व पुरुषांच्या आठ जणांच्या बोटींच्या मोठ्या हेड रेस, पुढच्या निवडीची धामधूम.
एप्रिल-जून : डॉर्नी लेकसारख्या सरळ तलावावर 2000 मीटरच्या रेगाटा (बोटी शेजारी-शेजारी धावतात अशा शर्यती), स्ट्रोकची गती वाढवत नेणं.
जुलैचा आरंभ : हेन्ली रॉयल रेगाटा. 1839 पासूनची परंपरा, 2112 मीटर, एका वेळी दोनच बोटी, हरला तो बाद.

पुण्यात ऋतूंचं गणित वेगळं. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या सीओईपीच्या बोट क्लबवर किंवा दापोडीच्या सीएमईतल्या लष्कराच्या रोइंग केंद्रावर हिवाळा हा वल्हवण्याचा सुखाचा काळ. त्रास पावसाळ्याचा. धरणांतून पाणी सोडलं की नदी अंगावर येते, आणि पूर नसेल तेव्हा जलपर्णी वाट अडवते. पण ऋतू बदलला तरी आधी लांब-संथ आणि मग आखूड-जलद हा क्रम बदलत नाही. त्याची कारणं शरीरात आणि पाण्यात आहेत.

दम येतो कुठून

स्नायूला शक्ती तीन वाटांनी मिळते. पहिली वाट स्नायूत आधीच साठवलेल्या रसायनांची. ती लगेच कामी येते आणि दहाएक सेकंदांत आटते. सुटतानाचे पहिले जोरकस स्ट्रोक तिच्यावर निघतात. दुसरी वाट प्राणवायूची वाट न पाहता साखर मोडण्याची. तिच्यातून भरपूर ताकद मिळते, पण स्नायूतली आम्लता वाढत जाते, मांड्या पेटतात, आणि मिनिट-दीड मिनिटात ती परवडेनाशी होते. तिसरी वाट प्राणवायूच्या मदतीने साखर आणि चरबी जाळण्याची. ही सुरू व्हायला सावकाश, पण टिकाऊ.

सहा-सात मिनिटांच्या शर्यतीत या तिघींचा वाटा किती? बघणाऱ्याला वाटतं, एवढं धापा टाकणं म्हणजे प्राणवायूशिवायचंच काम असणार. प्रत्यक्षात जवळजवळ तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त शक्ती तिसऱ्या वाटेने येते. अव्वल पुरुष रोअर, म्हणजे वल्हवणारा, भरात असताना मिनिटाला सहा लिटरपेक्षा जास्त प्राणवायू वापरतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला पाव लिटर पुरतो.

म्हणजे जिंकायचं तर ही तिसरी वाट रुंद करायला हवी. त्यासाठी हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त फेकलं पाहिजे, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट झालं पाहिजे आणि पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथे प्राणवायू वापरून ऊर्जा बनते ती सूक्ष्म केंद्रं, वाढली पाहिजेत. हे बदल घडतात ते तासन्‌तास चाललेल्या मध्यम श्रमांनी, आणि त्यांना महिने लागतात. श्रम ‘मध्यम’ आहेत की नाहीत याची खूण सोपी. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.

जोरात केलं तर हे लवकर होणार नाही का? थोडं होईल, पण जोराचा सराव रोज झेपत नाही. आज अंग मोडेपर्यंत वल्हवलं, तर उद्या आणि परवा हात-पाय चालत नाहीत, आणि आठवड्याचे किलोमीटर घटतात. संथ सराव उद्या पुन्हा करता येतो, परवाही करता येतो. त्यात भर म्हणजे आखूड-जलद सरावाचा फायदा काही आठवड्यांत मिळतो आणि तसाच लवकर ओसरतो. तो शर्यतींच्या तोंडावर घेणंच शहाणपणाचं. नवखे रोअर इथेच फसतात. प्रत्येक सराव त्यांना थोडा जास्त जोरात करायचा असतो, म्हणून तो ना धड संथ होतो ना धड जलद.

एक मिनिट कमी करायची किंमत

रोअरला विचारलं, तुला क्लबातलं सर्वांत नकोसं काय वाटतं, तर बहुतेक जण एका यंत्राकडे बोट दाखवतील. त्याचं पूर्ण नाव अर्गोमीटर, बोलताना ‘अर्ग’. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर बंधूंनी 1981 साली सायकलच्या चाकापासून त्यांचं पहिलं अर्ग बनवलं. साखळी ओढली की पंख्यासारखं चाक फिरतं, हवा विरोध करते, आणि समोरचा छोटा पडदा सांगतो की या जोराने 500 मीटर किती वेळात जातील. पडद्याला कुणाची भीड नसते.

त्या पडद्यामागचं सूत्र पाण्याचा स्वभाव समजायला फार उपयोगी आहे. बोटीला होणारा पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट. त्या विरोधातून बोट ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. अर्ग हाच हिशेब धरून चालतं. त्यावर 2000 मीटर आठ मिनिटांत करायला सरासरी सुमारे 203 वॅट लागतात. सात मिनिटांत करायला 302. सहा मिनिटांत करायला 480. पहिलं मिनिट शंभर वॅटना मिळालं, दुसऱ्याला पावणेदोनशेच्या वर मोजावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ डंकली-स्मिथने 2018 मध्ये हे अंतर 5 मिनिटं 35.8 सेकंदांत कापलं. त्याचा अर्थ सरासरी 590 वॅट, साडेपाच मिनिटं सलग.

या घनाच्या नियमाची एक पोटगोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळ्या संथ सरावाचं अर्धं रहस्य तिच्यात आहे. वेग कमी-जास्त होत राहिला तर सरासरी तीच राहूनही शक्ती जास्त खर्च होते. जलद क्षणांत जे उधळलं जातं ते मंद क्षणांत पुरतं वसूल होत नाही. म्हणून शर्यतीतलं प्रत्येक 500 मीटर जवळपास सारख्या वेळात काढणं किफायतीचं. आणि म्हणूनच एका स्ट्रोकच्या आतसुद्धा बोट जितकी एकसारखी चालेल तितकं बरं. आता इथे पंचाईत अशी, की बोट एकसारखी चालतच नाही.

बोट सर्वांत वेगात कधी असते?

आठही वल्ही पाण्यात आहेत आणि सगळे जोर लावून ओढताहेत, तेव्हा बोट सर्वांत वेगात असणार, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात ती सर्वांत वेगात असते वल्ही हवेत असताना, पुढचा स्ट्रोक सुरू होण्याच्या जरा आधी. आणि सर्वांत मंद असते वल्ही पाण्यात शिरल्यानंतर लगेच.

कारण बोटीत बसलेलं वजन बोटीपेक्षा कितीतरी जास्त आहे. आठ जणांची शर्यतीची बोट नियमाप्रमाणे किमान 96 किलोची असते, आणि आतली आठ माणसं मिळून सहज पावणेसातशे किलो भरतात. त्यांची बैठक चाकांवर सरकते. 1873 पासून ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीतही सरकत्या बैठका आल्या, आणि त्यामुळे पायांची ताकद वल्ह्यात उतरवता येऊ लागली. होडीतून काठावर उडी मारणाऱ्या माणसाच्या पायाखालून होडी मागे सरकते हे आपण पाहिलेलं असतं. इथे तेच घडतं. ओढून झाल्यावर आठ जण गुडघे मुडपत बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकतात. त्यांचे पाय बुटांसकट बोटीला बांधलेले असतात. पायांनी ते बोटीला स्वतःखालून पुढे खेचतात. माणसं जड, बोट हलकी, त्यामुळे बोट झपकन पुढे जाते.

मग सरकणं थांबवून उलट दिशेने जोर लावण्याची वेळ येते, तेव्हा आठ जोडी पाय बोटीच्या फळीवर मागच्या दिशेने दाबतात. वल्हं पाण्यात पक्कं बसायच्या आधी हा दाब आला तर तो बोटीला चक्क ब्रेक लावतो. घाईने सरकत आलेला माणूस जास्त जोरात आदळतो, ब्रेकही तेवढाच जोराचा. त्यात आठातला एखादा क्षणभर आधी पोचला तर आपला ब्रेक लावून तो बाकी सातांच्या वाटचं खातो. जोर भरपूर आणि बोट जागच्या जागी, असं काही संघांचं होतं ते यामुळे.

आता अठराच्या गतीचं महत्त्व कळेल. मिनिटाला अठरा स्ट्रोक म्हणजे एका स्ट्रोकला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ. त्यातला वल्हं पाण्यात असण्याचा भाग सेकंदभर. उरलेल्या दोन-सव्वादोन सेकंदांत बोट स्वतः धावत असते आणि माणसांनी फक्त तिच्या वाटेत यायचं नसतं. गती छत्तीसवर नेली की स्ट्रोक पावणेदोन सेकंदांहूनही आखूड होतो. ओढण्याचा काळ थोडाच घटतो, कापला जातो तो परतीचा. म्हणजे चूक कळायला आणि दुरुस्त करायला वेळच उरत नाही. संथ गतीत बोट स्वतः सांगते. तळाखालून बुडबुड्यांची सलग सळसळ ऐकू आली तर बोट नीट धावते आहे. सळसळ मध्येच तुटली की कुणीतरी घाई केली.

यासाठीचा एक जुना सराव फारच बोलका आहे. बूट सैल करून पाय बाहेर काढायचे, नुसते त्यांच्यावर टेकवायचे आणि वल्हवायचं. एरवी ओढून झाल्यावर मागे गेलेलं शरीर माणूस पायांना हिसका देऊन सावरतो आणि त्या हिसक्याने बोट अडते. पाय मोकळे असले की हिसका देता येत नाही. शेवटपर्यंत वल्ह्यावर दाब ठेवला नाही तर माणूस सरळ मागच्याच्या मांडीवर उताणा. जानेवारीच्या सकाळी, हातांवर पोगी चढवून (वल्ह्याच्या मुठीवर बसणारं कापडी आवरण, आतून उघड्या हाताने मूठ धरता येते), प्रौढ वकील आणि डॉक्टर मंडळी हा सराव निमूट करत असतात.

बोटीत बसणार कोण

मार्च उलटला की क्लबातलं वातावरण बदलतं. आठ जागा, दावेदार बारा-चौदा. अर्गचे आकडे सगळ्यांसमोर आहेत, पण तेवढ्यावर निवड केली तर प्रशिक्षक फसतो. अर्गवर वजनदार माणसाचं वजन यंत्राखालची जमीन पेलते, बोटीत ते पाण्याला पेलावं लागतं आणि बोट तेवढी खोल बसते. शिवाय घाईने सरकणाऱ्याला अर्ग शिक्षा करत नाही.

म्हणून अदलाबदलीची चाचणी घेतात. चार-चार जणांच्या दोन बोटी, ठरलेलं अंतर, स्ट्रोकची गती दोघींना सारखीच बांधून दिलेली. समजा पहिल्या फेरीत ‘अ’ बोट 2 सेकंदांनी जिंकली. प्रशिक्षक दोन नावं पुकारतो. बोटी एकमेकींना धरून उभ्या राहतात आणि तेवढे दोघेच जागा बदलतात. दुसऱ्या फेरीत ‘ब’ बोट 1 सेकंदाने जिंकली. पारडं एकूण 3 सेकंदांनी फिरलं. बदल दोन्ही बोटींत झाला, एकीला चांगला माणूस मिळाला तोच दुसरीने गमावला, म्हणून त्या दोघांतला खरा फरक याच्या निम्मा, दीड सेकंद. आठ जणांच्या शर्यती याहून कमी फरकाने सुटतात. ही चाचणी निष्ठुर आहे. आतले बाकी सहा जण दोन्ही फेऱ्यांत सारखाच जोर लावतील हे तिचं गृहीतक, आणि ते पाळायचं म्हणजे आपल्या मित्राची जागा जाताना बघत ओढायचं. नावं आधी सांगत नाहीत त्याचं कारण हेच.

निवड झाली की मिनिटाला चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस असं चढत जायचं. पाचशे-पाचशे मीटरच्या फेऱ्या, मध्ये दम घ्यायला वेळ. सुटण्याचा वेगळा सराव. उभी बोट हलवायला पहिला स्ट्रोक आखूड, मग थोडा लांब, मग पूर्ण, आणि पहिल्या दहा-पंधरा स्ट्रोकना गती चाळीसच्या वर. कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा आणि एकटाच पुढे तोंड करून बसलेला नववा गडी, त्या धुमश्चक्रीतून आठ जणांना ठरलेल्या छत्तीसवर उतरवतो. न उतरलेला संघ पहिल्या पाचशे मीटरला पुढे असतो आणि हजाराला मागे पडलेला असतो. मोठ्या शर्यतीआधीच्या एक-दोन आठवड्यांत किलोमीटर घटवतात, पण जोर तोच ठेवतात, म्हणजे थकवा उतरतो आणि कमावलेलं टिकून राहतं.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये नौकानयनाची शर्यत लाँग बीचला होणार आहे आणि तिथे 2000 ऐवजी 1500 मीटरच असतील. 72.5 किलोची मर्यादा असलेला हलक्या वजनाचा पुरुष गट पॅरिसनंतर ऑलिम्पिकमधून गेलाय. टोकियोत याच गटात अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग अकरावे आले होते, त्यामुळे आपल्या रोअरना हा बदल झोंबणारा. अंतर घटल्याने सुटण्याला आणि ताकदीला थोडं जास्त मोल येईल. पण 1500 मीटरलाही चार-पाच मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात मोठा वाटा प्राणवायूचाच राहतो. तेव्हा लाँग बीचची तयारी करणाऱ्यांच्या हिवाळी वेळापत्रकात अठराच्या गतीचे लांब पल्ले असतीलच.